थोरली सात, धाकटा साडेतीन: ठोकळ्यांच्या खेळघरात पुन्हा जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मागच्या खेपेला तुम्ही दोन्ही मुलांना घेऊन लेगोच्या बंदिस्त खेळघरात गेलात. साडेचार तास तिथे काढले, त्यातला निम्मा वेळ रांगांत गेला. चित्रपटाच्या अंधारात धाकटा रडायला लागला. निघताना स्वतः बांधलेलं घर तिथेच ठेवायचं म्हटल्यावर थोरलीने भोकाड पसरलं. आता तीच पुन्हा जायचा हट्ट धरून बसली आहे. पैसे वसूल होतील का, आधी काय करायचं आणि किती वेळ थांबायचं, हे तुम्ही विचारलंय.

जरूर जा. ज्या मुलीला तिथून निघताना इतकं रडू आलं, तिला तिथे काहीतरी खरोखर सापडलं होतं. फक्त या वेळी सगळं बघून यायचं हा विचार घरीच ठेवा. मी सोळा वर्षं बालशिक्षणात आहे आणि त्यातली सहा वर्षं अशाच एका खेळघरात बांधणीच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. तिथे हजारो कुटुंबं येता-जाता पाहिली. त्यातली समाधानाने घरी जाणारी कुटुंबं साधारण एकसारखी असायची: त्यांच्या मुलाला एका जागी बसून, कुणी मध्ये न बोलता, निदान पाऊण तास बांधायला मिळालेलं असायचं. तिकिटाची खरी किंमत त्या पाऊण तासात आहे. बाकी सगळं मिळालं तर उत्तम, राहिलं तरी काही बिघडत नाही.

आधी एक घोळ दूर करते, कारण बरीच निराशा तिथूनच सुरू होते. लेगोलँड हे उघड्यावरचं मोठं उद्यान. त्यातलं पहिलं डेन्मार्कमध्ये बिलुंडला 1968 साली सुरू झालं, आणि ते बघायला अख्खा दिवस लागतो. लेगोलँड डिस्कव्हरी सेंटर वेगळं. ते छताखालचं, एखाद्या मॉलमध्ये वगैरे मावणारं, साधारण 3 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी आखलेलं. पहिलं बर्लिनमध्ये 2007 साली उघडलं. मुलाशिवाय आलेल्या मोठ्या माणसाला तिथे एरवी प्रवेशच नसतो, यावरून ते कुणासाठी आहे ते कळावं. इतर ठोकळे-खेळघरंही याच धर्तीची असतात: एकदोन छोट्या राइड, ठोकळ्यांची मिनी शहरं, एक छोटा चित्रपट, चढाउतरायला सॉफ्ट प्ले, म्हणजे मऊ गाद्यांची खेळाची जागा, आणि मध्ये ठोकळ्यांनी भरलेले हौद. दिवसभर पुरेल अशी ही जागा नाही. तुमच्या मुलांच्या वयाला अडीच तास भरपूर झाले. मागच्या वेळचे शेवटचे दोन तास तुम्ही मुलांच्या थकव्यावर काढलेत, आणि रडारड बहुतेक त्याच दोन तासांतली असणार.

वेळ निवडताना शक्यतो शाळेच्या दिवशीचा, सकाळी उघडल्याबरोबरचा पहिला स्लॉट घ्या. गर्दी कमी असते हे एक कारण आहेच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते आवाजाचं. टणक प्लास्टिकचे हजारो तुकडे एका हौदात, आणि त्यात पंधरा मुलं दोन्ही हात घालून उपसतायत. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज असतो तो. त्यात छत बंद, जमीन कडक, वर संगीत. मोठ्या माणसाचं डोकं तासाभरात भणाणतं, पण साडेतीन वर्षांच्या मुलाला आपल्याला नेमकं काय होतंय हे सांगता येत नाही. तो चिडतो, चावतो, नाहीतर मांडीत येऊन बसतो. धाकट्याला मिक्सरच्या किंवा फटाक्यांच्या आवाजाने त्रास होत असेल, तर कानावर बसणारे आवाज रोखणारे हेडफोन बरोबर न्या. काही केंद्रं कमी आवाज आणि कमी दिव्यांची खास वेळ ठेवतात. फोन करून विचारा, सांगतात. आणि धाकट्याच्या झोपेच्या वेळेच्या आधी तासभर तुम्ही बाहेर पडलेले असा. यात तडजोड करू नका.

आता क्रम. आधी राइड उरकून घ्या, रांग नसते, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मोठ्या मुलांसाठी तो बरोबर आहे. साडेतीनच्या मुलासाठी मला तो पटत नाही. अंधारातून भर्रकन जाणाऱ्या गाडीत बसून आलेलं लहान मूल पुढचा अर्धा तास जमिनीवर टेकत नाही, त्याला पुन्हा तसंच काहीतरी हवं असतं. म्हणून मी म्हणते, आधी ठोकळे. आत गेल्यावर पहिल्यांदा कार्यशाळेच्या वेळेची चौकशी करा आणि नाव नोंदवून टाका. त्या वेळा ठरलेल्या असतात, जागा मोजक्या असतात. मग थेट बांधणीच्या जागी जा. राइड प्रवेशाशीच असेल आणि समोर एकही माणूस नसेल, तर थोरलीला एकदा बसवून आणा, धाकट्याला घेऊन दुसऱ्याने पुढे जावं. दोघं मोठी माणसं असाल तर पहिला तास वेगवेगळं राहायला अजिबात कचरू नका. कुटुंबाने सतत एकत्रच राहिलं पाहिजे या आग्रहापायी मी दोन्ही मुलांचा खेळ मोडताना पाहिला आहे. थोरली रंगात आलेली असताना धाकट्याला शू लागते, आणि सगळेच उठतात.

धाकट्याची जागा मोठ्या ठोकळ्यांची, म्हणजे डुप्लोची. हे ठोकळे 1969 पासून आहेत. नेहमीच्या ठोकळ्यापेक्षा ते लांबीला, रुंदीला आणि उंचीला दुप्पट, म्हणजे आकारमानाने आठपट. ज्या मुलाची पकड अजून पूर्ण मुठीची आहे, बोटांच्या टोकांची नाही, त्याला याच मापाचा ठोकळा स्वतःचा स्वतः दाबून बसवता आणि ओढून काढता येतो. साडेतीनच्या मुलाला लहान ठोकळे दिले की तो दर मिनिटाला "काढून दे" म्हणत तुमच्याकडे येतो. त्याला कंटाळा आलाय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्याची बोटं दमलेली असतात.

दुसरं कारण सुरक्षेचं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांत गिळता येईल असा तुकडा नको, म्हणून जगभर एक छोटं नळकांडं वापरून तपासणी करतात. त्याचा व्यास 31.7 मिलिमीटर. न दाबता जी वस्तू त्यात पूर्ण मावते, ती बाळाच्या घशाला धोका. नेहमीच्या चार खुंट्यांचा (वरच्या गोल उंचवट्यांचा) चौकोनी ठोकळा जेमतेम 16 मिलिमीटरचा, तो त्यात अलगद जातो. तुमचा मुलगा तीन ओलांडून गेलाय, तरी अजून वस्तू तोंडात घालायची सवय असेल तर त्याला लहान ठोकळ्यांच्या हौदात मोकळा सोडू नका. आणि निघताना खिसे, मोज्यांच्या आतली बाजू आणि गालफडं तपासा. गालफडं हे मी उगाच लिहीत नाही. एका मुलाच्या गालात मला पिवळी चकती सापडली होती, आणि त्याची आई मला "आज तो फार शांत आहे" असं सांगत होती.

एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते. आठ खुंट्यांचा नेहमीचा ठोकळा डुप्लोच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो. म्हणजे धाकट्याने खाली मोठ्या ठोकळ्यांचं जोतं घालायचं आणि थोरलीने त्यावर लहान ठोकळ्यांनी घर चढवायचं. एकाच इमारतीवर दोघं, आपापल्या मापाने. आमच्याकडे भावंडांची भांडणं मिटवायला याहून चांगला उपाय मला कधी सापडला नाही. धाकट्याला "तुझ्यामुळे हे उभं आहे" असं सांगता येतं, आणि ते खरंच असतं.

आता थोरली. सात वर्षं हे या जागेसाठी सोन्याचं वय. तिला दोन ठिकाणी भरपूर वेळ द्या: स्वतः बांधलेल्या गाड्या सोडून बघायचा उतार आणि भूकंपाचं टेबल. हे टेबल बटण दाबलं की थरथरतं आणि त्यावर मुलांनी बांधलेले मनोरे पाडायचा प्रयत्न करतं. मुलं आधी ठोकळ्यावर ठोकळा नुसते रचत जातात. तो मनोरा चारपाच थरथरींत मोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कुणीतरी वरचा ठोकळा खालच्या दोघांच्या सांध्यावर ठेवतं, आणि मनोरा टिकतो. सांध्यावर सांधा आला की भिंत चिरते, हे गवंडी पिढ्यानपिढ्या सांगत आले. तेच तुमची मुलगी तिथे स्वतःच्या हाताने शोधून काढते. कृपा करून ते आधी सांगून टाकू नका.

उताराजवळचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. अशीच सहा-सात वर्षांची मुलगी होती. तिची लाल गाडी उतारावरून सुटायची आणि खाली येईपर्यंत दर वेळी डावीकडे वळून कठड्यावर आपटायची. तिने वर एक ठोकळा वाढवला. पुन्हा डावीकडे. पुढे एक खेळण्यातला माणूस बसवला. पुन्हा डावीकडे. वडिलांना केव्हाच कळलं होतं. ते तोंड उघडणार इतक्यात मी त्यांना हलकेच हाताने थांबवलं. सातव्या की आठव्या खेपेला तिने गाडी उलटी केली, मांडीवर ठेवली आणि एकेक चाक बोटाने फिरवून पाहिलं. तीन चाकं भिरभिरली, चौथं दोन फेऱ्यांत थांबलं. ती वाकली, चाकाला डोळा लावला. बाजूचा ठोकळा एका खुंटीने बाहेर आला होता आणि चाकाला घासत होता. तिने तो नखाने आत सरकवला, चाक पुन्हा फिरवलं आणि कुणाकडेही न बघता उताराकडे चालत गेली. गाडी सरळ गेली. वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते दोन मिनिटं आधी बोलले असते तर गाडी तेव्हाही सरळच गेली असती, पण त्या मुलीच्या हाती काय लागलं असतं?

म्हणून मोठ्यांचं काम काय, तर जमिनीवर बसायचं आणि ठोकळे शोधून द्यायचे. गर्दीच्या वेळी हौदात हवा तो तुकडा सापडणं हीच मोठी कटकट असते, मुलाचं अर्धं अवसान शोधण्यातच संपतं. "मला चार चाकं आणि एक लांब पट्टी हवी" असं ती म्हणाली की तुम्ही ते हुडका, तिला बांधू द्या. फोन बाजूला ठेवा. "हे काय केलंस?" असं विचारण्यापेक्षा "मला दाखव ना" म्हणा. पहिल्या प्रश्नाला मुलाला नाव सांगावं लागतं, आणि पुष्कळदा अजून त्याला नाव नसतं.

ठोकळ्यांचा तो ढीग बघून काही मुलं गांगरतात आणि नुसतीच उपसत राहतात. तसं झालं तर सहा ठोकळे वेगळे काढून समोर ठेवा. आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे एकमेकांत किती प्रकारे बसवता येतात, हे कोपनहेगनच्या गणितज्ञांनी संगणकावर मोजलं आहे: 91,51,03,765 प्रकारे. सहा ठोकळ्यांत मुलाला पुरून उरेल इतकं आहे. ढीग बाजूला सारल्यावर बहुतेक मुलं तीनचार मिनिटांत कामाला लागतात.

काही मुलं बांधतच नाहीत, नुसती उभी राहून दुसऱ्यांचं बघतात. पालक इथे फार कासावीस होतात: एवढे पैसे भरले आणि हा खेळत नाही! मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन अभ्यासिकेने 1932 साली लहान मुलांच्या एकत्र खेळण्याच्या पायऱ्या मांडल्या. त्यात दुसऱ्याचं बघत राहणं आणि शेजारी बसून आपापलं खेळणं या दोन्ही पायऱ्या आहेत. बघणं हेही सहभागी होणंच आहे. (लाकडी खेळणी करणाऱ्या ज्या सुताराच्या कारखान्यातून पुढे लेगो कंपनी उभी राहिली, त्या ओले कर्क ख्रिश्चनसन यांचं खेळण्यांचं कामही त्याच 1932 साली सुरू झालं. मला हा योगायोग फार आवडतो.) धाकटा वीस मिनिटं भूकंपाच्या टेबलाकडे बघत उभा राहिला, तर त्याच्या शेजारी उभ्या राहा. ढकलू नका. बहुतेकदा तो घरी येऊन तोच खेळ उशांवर खेळतो.

चित्रपटाबद्दल. या फोर-डी चित्रपटांत अंधार असतो, तोंडावर वारा येतो, पाण्याचे तुषार उडतात, आवाज मोठा असतो. धाकटा घाबरला यात त्याचं काही चुकलं नाही. त्याला या खेपेला नेऊच नका. थोरलीला एकाने घेऊन जावं, दुसऱ्याने धाकट्याबरोबर मिनी शहराभोवती फिरावं. तिथे दिवस-रात्रीचे दिवे बदलतात, बटण दाबलं की काहीतरी हलतं, आणि तो त्याच्या गतीने बघू शकतो. पुढे कधी न्यावंसं वाटलं, तर दाराजवळची कडेची जागा धरा आणि आत जाण्याआधीच "आवडलं नाही तर आपण बाहेर येऊ" असं सांगून ठेवा.

किरकोळ गोष्टी पटकन सांगते. सॉफ्ट प्लेमध्ये मोज्यांशिवाय सोडत नाहीत, मोठ्यांचेही मोजे घ्या. सकाळी निघताना दोन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा, हरवल्यावर शर्टाचा रंग आठवत नाही. थोरलीला तिथला गणवेश दाखवून ठेवा: आम्ही दिसलो नाही तर याच कपड्यांतल्या माणसाकडे जायचं, दाराकडे नाही.

आता निघण्याबद्दल, कारण तुमचा खरा सल तिथे आहे. हौदातल्या ठोकळ्यांचं बांधलेलं घरी नेता येत नाही, हे थोरलीला अगदी शेवटी, दमलेली असताना, बहुधा घाईत कळलं. तिच्या दृष्टीने तिचं घर कुणीतरी हिसकावून घेतलं. हे या वेळी घरून निघतानाच सांगा, आणि आत गेल्यावर पहिला ठोकळा हातात घेताना पुन्हा सांगा: हे इथलेच आहेत, आपण बांधू, फोटो काढू आणि परत देऊ. मग शेवटची वीस मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. पाच मिनिटांचा इशारा मुलांना पुरत नाही. चारही बाजूंनी फोटो तिलाच काढू द्या, छप्पर उचलून आतलाही. तिने घरात कोण राहतं ते सांगितलं तर ते रेकॉर्ड करा. त्यानंतर घर मोडायचं ते तिनेच, तिच्या हाताने, तिला हव्या त्या क्रमाने. माझ्या कार्यशाळेत मुलं आधी माणसं बाहेर काढायची, मग छप्पर, मग भिंती. एक मुलगा प्रत्येक ठोकळा हौदात टाकताना "जा" म्हणायचा. मोठ्या माणसाने पाठीमागून मोडलं की रडू येतं. स्वतः मोडलेलं मूल बहुधा हात झटकून उठतं. कुठे एखाद्याला मोडवत नसेल, तर तिथल्या माणसाला विचारा. पुष्कळ ठिकाणी फळीवर दिवसभर ठेवायला जागा देतात.

बाहेर पडायचा रस्ता दुकानातूनच जातो. घ्यायचं की नाही, घ्यायचं तर किती रुपयांपर्यंत, हे आत शिरण्याआधी ठरलेलं असू द्या, आणि मग शब्द फिरवू नका. माझं मत विचाराल तर चित्र बघून बांधायच्या महागड्या संचापेक्षा सुट्या ठोकळ्यांचा डबा बरा. कुठे जुने ठोकळे माळ्यावर पडले असतील तर तेही काढा: 1958 साली पेटंट घेतलेल्या ठोकळ्याची खुंटी-नळीची रचना (वर खुंट्या, खाली पोकळ नळ्या) तीच राहिली आहे, त्यामुळे तेव्हाचे ठोकळे आजच्यांत बसतात.

वार्षिक पास घ्यावा का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. एवढ्यात नको. आधी ही एक फेरी अशी करून बघा. घरापासून जागा इतकी जवळ असेल की दीड तास खेळून सहज परत येता येईल, आणि निघताना थोरली न रडता "पुढच्या वेळी मी पूल करणार" असं म्हणाली, तर मग पास घ्या.